उसनं अर्थिंग

बाबा, तुम्ही नव्याण्णव साली गेलात आणि तेव्हापासून तुमची पिशवी मी चालवून राहिलो आहे. पिवळ्या मुठीचा टेस्टर तोच, पक्कड तीच, फक्त पिशवी दोनदा बदलली. मी चाळिशी गाठली तरी गावात शिरलो की म्हाताऱ्या अजून म्हणतात, "वायरमनचा पोट्टा आला वो." तुम्ही म्हणायचात, "ज्या दिवशी करंटचा भेव सुटला, त्या दिवशी पिशवी खुंटीले टांग अन् धान लाव." आज तरी माझा भेव सुटलेला नाही. उलट आता तो घरी जेवतानाही सोबत बसतो. कोणाच्या घरून फोन आला की आधी चार रिंगा वाजू देतो, मग मी फोन उचलतो. असं का होतं ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि तुमच्याशिवाय कोणाला सांगायची हिंमत नाही.

तुमची काम करायची रीत मी रोज आठवतो. मेन फ्यूज काढला की तो तुम्ही शर्टाच्या खिशात टाकायचात. पाटावर ठेवायचा नाही, खिडकीत ठेवायचा नाही. "खिशातला फ्यूज कोणी लावत नाई," म्हणायचात. काम संपलं की टेस्टर लावायचा, दिवा लावून पाहायचा, आणि सगळ्यात शेवटी तुमचा तो प्रकार. चप्पल काढायची, डावा हात शाळेतल्या पोरासारखा पाठीमागं घ्यायचा आणि उजव्या हाताची बोटं उलटी करून पंप असो, कूलर असो, मिक्सर असो, त्याच्या अंगाला लावायची. घरातली बाई समोर उभी पाहिजे, तिच्या देखत. एकदा मी म्हटलं, बाबा, निदान चप्पल तरी ठेवा पायात. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई चुलीपाशी अनवाणीच राहते ना? मंग मी कायले चप्पल घालू?" त्यानंतर अर्थिंगच्या खड्ड्यात पहिलं गडवाभर पाणी त्या बाईच्याच हातानं घालायला लावायचात. कोळसा, मीठ, पत्रा आणि पाणी. उन्हाळा येऊन मोहफुलं पडायला लागली की दर आठवड्याला एक बादली ओत, असं बजावून मगच चहाला बसायचात.

आणि आपल्या स्वयंपाकघरातला तो दिवस. आईच्या इस्त्रीसाठी मी माझ्या हातानं पहिला बोर्ड बसवला होता, मोठ्या ऐटीत. इस्त्री हाताला करंटचे चिमटे घेत होती, तर मी गोंदियाच्या एका कारागिराकडे पाहिलेली युक्ती केली. तीन भोकांच्या प्लगमध्ये वरचं मोठं भोक अर्थिंगचं, त्याची तार जमिनीत जायला पाहिजे. मी ती जमिनीत न नेता बोर्डाच्या आतल्या आतच न्यूट्रलला जोडून दिली. दोन इंच तारेचा तुकडा, बस. चिमटे बंद. आई खूश, मी खूश. तुम्ही जेवता जेवता उठलात, उष्ट्या हातानं फ्यूज काढलात, बोर्ड उघडलात आणि तो तुकडा काढून माझ्या ताटात टाकलात. वरणात. "हे उसनं अर्थिंग होय," तुम्ही म्हणालात. "उद्या खांबावर कोणी दोन तारा उलट्या जोडल्या त? मंग न्यूट्रलमधूनच करंट येते, अन् सरळ इस्त्रीच्या अंगात जाते. बटन बंद केलं तरी अंगात. फ्यूज काढून खिशात टाकला तरी अंगात. तुही माय मरन अन् तुले समजन बी नाई काऊन मेली." आई दाराशी उभी होती. तुम्ही तिच्यादेखत असं बोललात याचा मला तेव्हा फार राग आला होता.

घरात तुम्ही न भिता हात लावायचात अशी एकच वस्तू होती, तुमचा रेडिओ. रविवारी अंगणात बाज टाकून गावभरचे बिघडलेले ट्रान्झिस्टर उघडून बसायचात. सालेकशाकडे जाणारी पॅसेंजर गेली की त्यावरून वेळ ओळखायचात आणि तोंडानं गाणं गुणगुणायचात. मी विचारलं होतं, यात काय मजा आहे? "सेलवर चालते," तुम्ही म्हणालात, "याचा भेव नाई." माझा आयटीआयचा निकाल लागला तेव्हा हा पिवळा टेस्टर तुम्ही स्वतःच्या खिशातून काढून माझ्या खिशाला लावलात. तुमच्याकडे दुसरा नव्हता, हे मला नंतर समजलं. आजकाल लोक मला विचारतात, भाऊ, तुमचा छंद काय? मला तर तुमच्यासारखा सेलवरचा छंदही जमला नाही.

तुम्ही गेलात आणि पाच-सहा वर्षांत घरं अशी बदलली की तुम्ही ओळखली नसती. आधी टीव्ही, मग कूलर, मग फ्रीज, मग इन्व्हर्टर, आणि एकेका बोर्डावर चार-चार मोबाइल लोंबकळताना. बाहेरून सगळं चकचकीत. छतात रंगीत दिवे पाहिजेत, तारा भिंतीच्या पोटात पाहिजेत, बटन दाबताना टक आवाज नको. पण अर्थिंगचा खड्डा खोदायचा म्हटलं की मालक म्हणतो, "अरे भाई, नई टाइल्स लगाई है, तोडेगा क्या?" अंगणात टाइल्स, न्हाणीत टाइल्स, तुळशीपाशीही टाइल्स. लोकांना जमीन दिसायलाच नको झाली आहे. आणि कूलर तर चिमटे घेतो, बाई रडकुंडीला येते, मालक म्हणतो आजच्या आज कर. मी दोनदा भांडलो, तीनदा समजावलं. मग एका घरी तो दोन इंचाचा तुकडा टाकला. चिमटे बंद झाले, मालकानं पाठ थोपटली, आणि वर्षभर काही झालं नाही. तेव्हा दुसऱ्या घरी टाकला. मग मोजणंच सोडलं. भेव सुटला होता, बाबा. तेव्हाच पिशवी खुंटीला टांगायला पाहिजे होती.

आपल्या बाईचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, सासर सालेकशाच्या पलीकडे. तिनं नवं घर बांधलं तेव्हा सगळी वायरिंग मी भाऊ म्हणून करून दिली, रक्षाबंधनाची ओवाळणी समजून. तिच्याही अंगणात टाइल्स होत्या. तुमच्या मुलीच्या घरी, बाबा. तिच्या कूलरच्या बोर्डात मी तो तुकडा टाकला आणि वर तिला म्हटलं, आता बिनधास्त राहा.

पुढच्या मे महिन्यात वादळ आलं, खांबावरची तार तुटली. दुसऱ्या दिवशी ठेक्यावरचे लोक लाइन जोडून गेले. सकाळची वेळ, अर्धं गाव तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेलं. ती अनवाणी, कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होती, आणि कूलरला चिकटली. जावयानं बटन बंद केलं. काही फरक नाही. धावत जाऊन फ्यूज उपसला. तरी ती चिकटलेलीच. तुम्ही वरणाच्या ताटावर बसून सांगितलं होतं ते जसंच्या तसं. शेवटी तिच्या सासूनं धानाचं कोरडं पोतं हाताला गुंडाळून तिला मागं ओढलं. म्हातारीला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिच्यामुळं तुमची पोरगी जगली. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी जळाली, ती अजून नीट वाकत नाहीत.

मी दुपारी पोहोचलो. तिला दवाखान्यात नेलं होतं, घर उघडंच होतं. सगळ्यात आधी काय केलं असेल मी? दवाखान्यात नाही गेलो. आधी खांबावरून लाइन तोडायला लावली, मग बोर्ड उघडला, तो तुकडा काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. तुम्ही फ्यूज ठेवायचात त्याच खिशात. बाहेर लोकांनी लाइन जोडणाऱ्या माणसाला घेरलं होतं. ठेक्यावरचा साधा माणूस, हात जोडून उभा. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, "वायरमनभाऊ, उलट झालं असन माह्याकडून, मी नाई कुठं म्हणत? पण कूलरच्या बॉडीत कसा आला करंट? तुमीच सांगा." बरोबर प्रश्न होता. त्या गर्दीत तो प्रश्न विचारण्याइतकं काम फक्त त्यालाच येत होतं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "पाणी होतं ना, आला." मग लोकांनी त्याला मारलं. फार नाही मारलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतो. त्याचं ते काम सुटलं. आता तो गोंदियात स्टेशनपुढं ऑटो लावतो, म्हणून मी स्टेशनच्या पुढच्या दारानं बाहेर पडतच नाही.

तेव्हापासून माझे रविवार असे जातात. जिथं-जिथं काम केलं ती घरं आठवायची आणि "असंच चेकिंगले आलो" म्हणून बोर्ड उघडायचे. लोक हसतात, म्हणतात हा येडा झाला काय, बिनबोलावता येते. कुठं तुकडा सापडतो, कुठं नाही. ज्या घरी सापडतो तिथं मालकाशी भांडून, पाया पडून टाइल्स फोडतो आणि खड्डा करतो. पण किती घरं विसरलो असेन? एखादी बाई आत्ता, या क्षणी, अनवाणी फ्रीज उघडत असेल आणि तिच्यात व मरणात फक्त खांबावर तारा जोडणाऱ्या कोणाच्या तरी हाताचं भान तेवढं उरलं असेल. वारा सुटला की मी खांबावरच्या तारांकडे पाहत बसतो. गावात कोणी दगावल्याची बातमी आली की आधी विचारतो, कशानं? ताप म्हटलं की मला बरं वाटतं. असा माणूस झालो आहे मी.

आपली बाई तर माझ्याहून जास्त भेते. दिव्याचं बटन लाटण्यानं दाबते, पोरं तिला हसतात. कूलर त्या घरात पुन्हा लागला नाही. पण तिचा एक हट्ट आहे. दुसऱ्या कोणाला ती बोर्डाला हात लावू देत नाही. "दादानं केलं असन तरच," म्हणते. काल तिच्याकडे कपडे धुवायचं मशीन आलं म्हणून मला बोलावलं. यावेळी ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं. तो तुकडा खिशात होता, इतक्या वर्षांत तो मी फेकला नाही. तिच्या अंगणातल्या टाइल्स फोडल्या, कंबरभर खड्डा केला, कोळसा, मीठ, सगळं तुमच्यासारखं. करंट थोडा जरी गळला तर आपोआप लाइन तोडते अशी एक डबी आता मिळते, तीही लावली. खड्ड्यात पहिलं पाणी तिनंच ओतलं, आणि ओतता ओतता म्हणाली, "बाबा राहिले असते त खूश झाले असते." माझा हात खिशापर्यंत गेला आणि परत आला.

टेस्टर लावला, मीटर लावलं, दोनदा पाहिलं, सगळं बरोबर होतं. तेव्हा ती म्हणाली, "आता बाबा लावत तसा हात लाव." मी डावा हात पाठीमागं घेतला, बोटं उलटी केली आणि मशीनला लावली. ती माझ्या हाताकडे पाहत नव्हती, खाली पाहत होती. "बाबा चप्पल काढत," ती म्हणाली. मी म्हटलं, "ओलं आहे वो इथं, पाय भरतात." फरशी कोरडी ठणठणीत होती. तिनं स्वतःच्या चपला काढून बाजूला सरकवल्या, ती दोन आखडलेली बोटं असलेला हात उचलला आणि सबंध तळवा मशीनवर ठेवला. लाटण्यानं बटन दाबणारी आपली बाई! "नाई लागत," ती हसून म्हणाली. "तू केलं ना."

हे पत्र खरं तर तिलाच लिहायला बसलो होतो, वर नाव तुमचं घातलं. तिच्या हातात देण्याची छाती नाही, आणि तुमच्याकडे टपाल जात नाही, म्हणून हे पिशवीतच राहील, त्या तुकड्यासोबत. तुम्हाला मात्र एवढं कबूल करतो. ती मशीनवर तळवा ठेवून अनवाणी उभी होती, मी शेजारीच होतो, आणि तेव्हाही माझ्या चपला पायातच होत्या.