अण्णा, कॉलेज सोडू का?

प्रिय अण्णा,

आज पाडवा. गुढी उभारली, पोरीच्या हातावर कडुलिंब ठेवला आणि तुम्हाला लिहायला बसले. उद्या मला तुळजापूरच्या एका लॉजमालकांना उत्तर द्यायचंय. त्यांना काउंटरवर बुकिंग आणि हिशेब बघणारं माणूस हवंय. पगार महिन्याच्या महिन्याला. हो म्हटलं, तर भूगोल शिकवणं सुटलं. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तुला पटंल ते कर." इतकं स्वातंत्र्य घेऊन मी काय करू!

म्हणून तुम्हालाच विचारते. नोकरी धरायची कधी आणि सोडायची कधी, हे आपल्या घरात तुम्हालाच कळत होतं.

आपल्या गावी, ईटला, तुम्ही पाटलांकडं सालगडी होतात. पाडव्याला साल संपायचं आणि नवं ठरायचं. एका पाडव्याला पाटलांनी विचारलंच नाही. हा कुठं जातोय, असं धरून चालले. दुसऱ्या दिवशी तुम्ही शेताकडं फिरकला नाहीत, दारात बाजेवर बसून राहिलात. आई दिवसभर धुसफुसत होती. उन्हं कलल्यावर पाटील स्वतः आले, "ऱ्हातूस न्हवं औंदा?" म्हणाले, तेव्हा तुम्ही उठलात.

मला तासांवर नेमणूक मिळाली तेव्हा तुम्ही सगळं खोदून विचारलं होतंत.

"मंजी तुजं बी सालच की."

"व्हय, पण उन्हाळ्यात ते पण न्हाय. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे."

"आन् फुडल्या साली? ऱ्हाती का म्हून कोण इचारतंय?"

"कुणी न्हाय. आपणच अर्ज करायचा, मुलाखतीला बसायचं."

"तीच मान्सं? रोज बघत्यात की तुला!"

तेव्हा मी हसले होते. ज्या सरांबरोबर वर्षभर चहा प्यायला, तेच दर पावसाळ्यात टेबलापलीकडं बसून माझं संपूर्ण नाव विचारतात आणि मी सांगते. आता हसू येत नाही.

एक तक्रार आहे, अण्णा. पीएच.डी. झाली तेव्हा देवळापुढं पेढे वाटून, पोरगी परमनंट झाली म्हणून का सांगितलंत? मी तिथंच तुम्हाला टोकलं होतं. तुम्ही म्हणालात, "आज ना उद्या व्हनारच हाय. दोन दिस आदी सांगितलं, बिगाडलं काय?" जागा काही भरल्या नाहीत. तुम्ही गेलात आणि तुमचं बोलणं गावात तसंच राहिलं. मागं येरमाळ्याच्या जत्रेत मावशी भेटली. "तुला काय कमी बाई, सरकारी पगार." परतताना एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून मला बरं वाटत होतं, हे तिला कसं सांगू?

मानधनाचं बिल वर गेलंय म्हणतात. वर म्हणजे कुठं, कुणाला माहीत नाही. दिवाळीत येईल म्हणाले होते, संक्रांतही गेली. तोवर गॅस थांबत नाही, तेल थांबत नाही, पोरीची फी थांबत नाही. किराणावाला बिचारा कधी बोलत नाही. तो बोलत नाही म्हणूनच मी लांबच्या गल्लीतून घरी जाते.

आमचे गायकवाड सर आठवतात? फिजिक्सचे, तुमच्याशी तंबाखूवरून वाद घालणारे. त्यांनी कॉलेज सोडून भूमला दूध संकलन सुरू केलं. परवा भेटले. "मॅडम, दुधाचं पैसं दर दहा दिवसाला येतेत. झोप लागती बगा." मग निघता निघता म्हणाले, "पण दुधाला काय शिकवावं?"

दवाखान्यातली ती सकाळ मात्र मला गिळता येत नाही. मी रजा टाकत होते. खरं तर रजा हा शब्द आमच्यासाठी नाहीच, तास बुडाला की बुडाला. तुम्ही माझा हात बाजूला सारलात. "जा, तास हाय तुजा." मी गेले, मोसमी वारे शिकवले. दुपारी परत आले तर तुम्ही बोलायचे थांबला होतात. का घालवलंत मला? आणि मी तरी का ऐकलं? त्या तासाचे पैसे आले तेव्हा मला खूप रडू आलं.

एवढ्यावर निर्णय व्हायला हवा होता. पण होत नव्हता. काल शेवटचा तास संपल्यावर राधिका थांबली. आपल्या ईटचीच, मेंढपाळाची लेक, नकाशा काढते तर बघत राहावं. म्हणाली, "मॅडम, म्या बी एम.ए. करून तुमच्यावानी व्हनार." वर्गात ज्या मुलीकडं बघून मी शिकवते, तिला मी काय म्हणाले माहीत आहे? "बघू." नको म्हणायला जीभ रेटली नाही आणि हो म्हणायची भीती वाटली. माझ्यासारखं होणं ही कुणा पोरीला द्यायची गोष्ट राहिली नाही, हे मला काल कळलं. त्यानंतर घास गोड लागलेला नाही.

उद्या मी लॉजवर हो म्हणणार आहे, अण्णा. रागावू नका.

पण तुम्हाला शब्द देते. कॉलेज सोडण्याआधी राधिकाला घरी बोलावीन, समोर बसवून सगळं खरं सांगेन. शिकू नकोस, असं म्हणणार नाही. मॅडमना शिकवायचा कंटाळा आला म्हणून गेल्या, असंही तिला वाटू देणार नाही. मला अजून खूप आवडतं हो शिकवायला.

तुमची,
सुनंदा