दादऱ्याखालचा निळा

१२ सप्टेंबर

निळा पुन्हा चुकला! नीलपंख एअरची शेपटी तिसऱ्यांदा रंगवली. कॉम्प्युटरवर, सिम्युलेटरच्या गेममध्ये विमान धावपट्टीवर उभं केलं – जांभूळच दिसतं. फोटोंचा काही भरवसा नाही. एकात ऊन, एकात पाऊस, एकात कुणाचं तरी डोकं.

आई मला 'बिनपगारी पेंटर' म्हणते. बरोबरच आहे. पण हे विमान ताईचं. सहा वर्षं ती नीलपंखमध्ये हवाई सुंदरी होती. कंपनी बुडाली, ताई शहापूरला परत आली. आता भंडाऱ्यात मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभी असते. वरून नागपूरचं विमान गेलं की अंगणातून उठून आत जाते. मला ते बघवत नाही.

१४ सप्टेंबर

नव्या विमान कंपनीची भरती आहे, नागपूरला, २८ तारखेला. ताईला सांगून बसलो.

'मले नाई जायचं. तू आपलं काम कर.'

झालं. आता अबोला. आधी विमान दाखवणार होतो, मग बोलणार होतो – उतावीळपणा नडला.

१७ सप्टेंबर

निळा सापडला! आणि कुठे, तर लोणच्याच्या बरणीवर. ताईच्या युनिफॉर्मचा स्कार्फ आईने बरणीच्या तोंडाला दादरा म्हणून बांधलाय. बरणीला ऊन दाखवून दाखवून वरचा रंग पार उडालाय. सुतळी सरकवली, तर खाली बोटभर पट्टा कोराच्या कोरा. दादरा सोडून स्क्रीनला लावला आणि डोळ्यांनी रंग जुळवला. जुळला!

'बरणी उघडी टाकून काय करून राहिला रे, अनुप?'

मागे ताई. स्क्रीनवर अख्खं विमान. ती बघत राहिली. मग बरणीवर ताटली ठेवून आत गेली.

१८ सप्टेंबर

ताई नीट जेवली नाही. नसता उद्योग माझा. विमान पुसूनच टाकावं.

१९ सप्टेंबर

बरं झालं, पुसलं नाही.

आज तिने स्वतः खुर्ची ओढली. 'दुसरी बाजू दाखव.'

उजवी बाजू मी डावीवरूनच ढापलेली. लोक डावीकडून चढतात, फोटोही तिकडूनच काढतात.

'इकडे नाव हिंदीत होतं रे. अन् या बाजूने जेवणाची गाडी लागते.' मागच्या दाराजवळ बोट ठेवलं. 'इथं गाडीनं ठोकलं होतं. वरून रंग मारला, पण जुळलाच नाई. फिक्का दिसे.'

'फिक्का म्हणजे कसा?'

तिने बरणीकडे पाहिलं. 'असा. दादऱ्याच्या वरचा.'

आणि हसली. किती दिवसांनी! मग तासभर बोलतच होती – कोणतं दार कडक, कोणता कॅप्टन चहात मीठ मागायचा. हुश्श. छातीवरचा धोंडा उतरला. ठिगळासकट रंगवलं.

२७ सप्टेंबर

ताईने बरणीवरून स्कार्फ सोडला, धुतला, इस्त्री केला.

आई म्हणाली, 'लोणच्याचा वास येईन त्याले.'

'येऊ दे. पर्समधीच ठेवीन.'

उद्या सकाळच्या एसटीने नागपूरला जाते म्हणाली. मी कायले विचारू?

३ डिसेंबर

ताईचा फोटो आला. नव्या कंपनीचं कोरं नारिंगी विमान, उजवी बाजू, मागच्या दाराला जेवणाची गाडी. खाली लिहिलंय – 'घे, रंगव. या वेळी डावीची उजवी करू नको.'