पृष्ठ एक्कावन्नवरील तिसरा शिक्का

२ डिसेंबर

स्वस्ति. अखिलतालुकाग्रंथरक्षक, सहस्रावधिपुस्तकप्रतिपालक, वाळवीकुलकृतांत, झुरळदर्पहर्ता, षट्कपाटाधीश, त्रिमुद्राधर, ग्रंथपालकुलावतंस श्रीमान त्र्यंबकराव यांच्या निष्कंटक कारकिर्दीच्या तेहेतिसाव्या वर्षी, मार्गशीर्षमासी, टेबलाचा एक पाय विटेवर सुप्रतिष्ठित असताना, अशी नोंद करण्यात येते की वाचनालयावर परचक्र आले आहे.

परचक्राचे नाव : ‘एक नगर, एक ग्रंथ’. आमचे अध्यक्ष पारसशेठ (कापडदुकान, मेन रोड) धुळ्याला मुलीकडे गेले होते. तेथून बाजरी, बोरे आणि ही कल्पना घेऊन परतले. साऱ्या गावाने एकाच महिन्यात एकच पुस्तक वाचायचे. प्रत्येक गल्लीत दोन प्रती. वाचून झाली की शेजारच्या घरी द्यायची. शेवटी सभा.

मी म्हणालो, “शेठजी, या गावाने आजवर एकच गोष्ट एकदम वाचली आहे. पाणीकपातीची सूचना.”

ते म्हणाले, “मग सवय तर आहे ना.”

ठराव मंजूर. माझा विरोध इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांत पुरण्यात आला.

५ डिसेंबर

साठ प्रती आल्या. रावेरच्या केळीच्या ट्रकमधून, परतीच्या वाटेवर. सरस्वतीला चिकाचा वास.

लेखिका धुळ्याच्या. शाळेत शिकवतात. बालपण आमच्याच जिल्ह्यात, नंतर कुटुंब धुळ्याला गेले, असे मलपृष्ठावर आहे. नाव कल्पनाबाई. पुस्तकाचे नाव या वहीत लिहिणार नाही. वहीला काही मर्यादा असाव्यात. यापुढे : प्र.ग्रं. (प्रस्तुत ग्रंथ).

दाखलअंक टाकून झाले. गुप्त पृष्ठ उद्या. (संस्थापकांपासूनचा दंडक : प्रत्येक पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या पानावर आतला शिक्का. चोराने पहिले पान फाडले तरी हे पान साक्ष देते.)

त्यानिमित्ताने पृ. ५१ उघडले. उघडायला नको होते.

कापूस वेचून आलेली बारा वर्षांची मुलगी तालुक्याच्या वाचनालयात शिरते. कपाटातून पुस्तक काढते. टेबलामागचा तरुण बाबू तिच्या बोटांवरचा काळा चिकटा पाहतो, पुस्तक तिच्या हातातून काढून घेतो आणि म्हणतो, “हात धुऊन ये.” अंगणातल्या नळाला पाणी नाही. ती स्टेशनच्या हापशापर्यंत जाते, माती लावून हात घासते, धावत परत येते. दाराला कुलूप. ती पुन्हा त्या दाराशी जात नाही. प्रकरण समाप्त.

गावाचे नाव नाही. बाबूचे नाव नाही. निळा सदरा आहे.

त्या काळी माझ्याकडे निळा सदरा होता. कोणाकडे नव्हता?

६ डिसेंबर

झोप लागली नाही. चहा तीन वेळा.

मला ती मुलगी आठवत नाही. बत्तीस वर्षांत किती मुली आल्या, किती हात. मात्र ‘हात धुऊन ये’ हे वाक्य मी किमान सहस्र वेळा उच्चारले आहे, आणि यथार्थ उच्चारले आहे. ग्रंथ हे ग्रंथ आहेत. भाकरीचे फडके नव्हे.

प्रश्न एवढाच की महिनाभर हे पान घरोघरी फिरणार, आणि फिरवणार मी.

विचारांती निर्णय : शिक्का समासात मारावा असे परंपरा सांगते, पण समासातच मारावा असे कोठेही लिहिलेले नाही. गोल शिक्का मजकुराच्या मध्यभागी. त्याखाली लांबट शिक्का. तरीही दोन ओळी उघड्या राहिल्या, म्हणून तिसरा, चौकोनी. साठ प्रती, एकशे ऐंशी प्रहार. जांभळी शाई मनगटापर्यंत.

परिणाम समाधानकारक. पृ. ५१ आता एखाद्या पुरातन ताम्रपटासारखे अगम्य आहे.

९ डिसेंबर

वितरण. पारसशेठ पहिल्या प्रतीला हळदकुंकू वाहून म्हणाले, “त्र्यंबकराव, हे पुण्याचं काम. नाव तुमचं होणार.”

हीच भीती.

शाई निघत नाही. लिंबू लावले, रॉकेल लावले. सौ. म्हणाली, “नवरदेवाचा भाचा दिसताय, मेंदी लावलेला.”

१३ डिसेंबर

माझी अपेक्षा होती की प्र.ग्रं. प्रत्येक घरात टीव्हीखाली विसावेल व महिनाअखेर तेथूनच परत येईल. या गावाच्या आळसावर मी तीस वर्षे विसंबून आहे. त्याने प्रथमच दगा दिला.

वाचतात! सलूनमध्ये वाचतात. जिनिंगच्या फाटकाशी, कापसाच्या ट्रॅक्टरवर बसून, नंबर लागेपर्यंत वाचतात. आणि वाचतात काय, तर पृ. ५१.

दगाभाऊ आले. निवृत्त कंडक्टर, छापील कागद दिसला की उजेडाकडे धरून बघायची सवय गेलेली नाही. टेबलावर प्रत आपटून म्हणाले, “भाऊ, बठ्ठं पुस्तक साफ शे, हाईच पान जांभळं कसं?”

“कार्यालयीन बाब आहे.”

“बठ्ठ्या गल्लीमा याच पानवर शिक्का. अंदर काय शे?”

मी त्यांना गुप्त पृष्ठाचे शास्त्र समजावून सांगितले. ते ऐकून घेत होते आणि माझ्या बोटांकडे पाहत होते.

१५ डिसेंबर

शोध लागला आहे. पान खिडकीच्या काचेला लावून मागून बॅटरी धरली की छापील काळे अक्षर जांभळ्यातून वर येते. गल्लोगल्ली हा प्रयोग सुरू आहे. जे पान कोणी एका नजरेत उलटून गेले असते, ते आता बायका वहीत उतरवून घेत आहेत. या अज्ञानी जनसमुदायाला मी स्वहस्ते ज्ञानाची गोडी लावली. धिक्कार.

अद्याप संशय कोणावर नाही. “कोठलं वाचनालय असेल?” असा प्रश्न दोन सभासदांनी मला विचारला. “पलीकडच्या तालुक्यातले असावे,” असे मी म्हणालो. दोघांनी माना डोलावल्या. पलीकडच्या तालुक्याविषयी आमच्याकडे काहीही खपते.

१७ डिसेंबर

सौ.ने भाकऱ्या थापता थापता प्र.ग्रं. संपवले. आमच्या गल्लीची प्रत. पिठाची बोटे पानापानावर. हात धुवायला सांगणार होतो. बोलण्यासारखी परिस्थिती राहिलेली नाही.

रात्री जेवताना :

“तो बाबू फार उद्धट होता, नाही?”

“नियम होता.”

“मी नियमाचं कुठं बोलले?”

ठेचा आज जास्त तिखट होता. हेतुपुरस्सर होता असे माझे मत आहे.

१९ डिसेंबर

सर्वनाश.

दगाभाऊ सकाळी दहाच्या ठोक्याला. सोबत चार जण. प्रत उघडून माझ्यापुढे ठेवली, आणि बोट मजकुरावर न ठेवता शिक्क्यावर ठेवले. तिसऱ्या. चौकोनी.

“वाचा, भाऊ.”

वाचले. शिक्क्यात लिहिले आहे : ‘ग्रंथ स्वच्छ हातांनीच हाताळावा. हात धुऊन यावे. – आज्ञेवरून.’

हा शिक्का मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी जळगावहून स्वतः करवून आणला होता. मजकूरही माझाच. तीस वर्षे तो वापरताना मी त्यावरची अक्षरे वाचलेली नाहीत. शिक्का मारणारा शिक्का वाचत नसतो. आणि तो मी नेमका कोठे मारला, तर त्या बाबूच्या वाक्यावर. साठ वेळा.

दगाभाऊ शांतपणे म्हणाले, “तिकिटावर डेपोचं नाव राहस ना, तसं शे हाई.”

लेखिकेने गावाचे नाव लिहिले नव्हते. ते मी लिहिले.

२० डिसेंबर

शत्रूंची यादी करायला घेतली. कल्पनाबाई. पारसशेठ. दगाभाऊ. धुळे शहर (संपूर्ण). मुद्रणकलेचा शोध लावणारा. यादी वाढत गेली, म्हणून सोडून दिली.

एक पोर वाचनालयात आले, दोन्ही तळवे पुढे करून म्हणाले, “काका, बघा, धुतले.” बाहेर आणखी सहा उभी, हसत. त्यांना मोठ्यांनी पाठवले होते.

२२ डिसेंबर

आता फक्त एकच मुद्दा उरला आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. हात धुवायला सांगणे हा गुन्हा नाही. नळाला पाणी नाही हे ठाऊक असताना सांगणे, हा आहे. मला ठाऊक नव्हते. मी आत टेबलाशी, नळ बाहेर अंगणात. यावर मी ठाम आहे.

साक्षीदार एकच, गोदाअक्का. मी लागण्याआधीपासून वाचनालय झाडतात. लिहितावाचता येत नाही, म्हणून स्मरण शाबूत. आज त्यांना मुद्दाम विचारले. विचारताना उत्तर काय यावे तेही सूचकपणे सांगितले.

अक्का झाडू न थांबवता म्हणाल्या, “पोर नळखाले उभी व्हती. तोटी फिरावे, फिरावे. मी तुम्हले येईसन सांगं, भाऊ, नळले पाणी पाच वाजानंतर येस.”

“मला सांगितलेत?”

“हाई खिडकीमाईन.”

“मग मी काय म्हणालो?”

“तुम्हीन घड्याळ दखं. पाचले कुलूप लाई दिधं.”

अक्का वयस्कर आहेत. स्मरण दगा देऊ शकते. बत्तीस वर्षे म्हणजे

२४ डिसेंबर

पारसशेठांकडे राजीनामा घेऊन गेलो. तीन पृष्ठे, सात संस्कृत वचने, सर्व माझीच. ते कापड मोजत होते. वाचले नाही. गादीखाली सारले.

“सभा आहे रविवारी. बाई येणार. शाल-श्रीफळ तुमच्या हातून.”

“शेठजी, गावात काय बोलले जाते ते आपण ऐकले असेल.”

“ऐकलं ना. म्हणून तर तुमच्या हातून.” कात्री चालवत म्हणाले, “आमच्या धंद्यात कापड चुकीचं फाडलं की गिऱ्हाईकासमोर उभं राहावं लागतं, त्र्यंबकराव. मागच्या दारानं जाता येत नाही.”

वाणीविलास कापडाच्या दुकानातही असतो, हे नव्याने समजले. अतिशय अप्रिय मनुष्य.

२९ डिसेंबर

सभा झाली.

आधी अंगणात भरीत-पुरी. सभा म्हटल्यावर चाळीस माणसे, भरीत म्हटल्यावर चारशे. सर्वांचे हात तेलकट. पाण्याचे पिंप भरून ठेवले होते; पहिल्या पंगतीतच संपले. नळाला अर्थात नाही.

बाई बसने आल्या. ठेंगण्या, चष्मा, आवाज शिक्षिकेचा. शाल मी दिली. त्यांनी माझ्या जांभळ्या बोटांकडे पाहिले.

भाषणात वाचून दाखवायला पुस्तक उघडले. चारशे माणसे श्वास रोखून. बाई म्हणाल्या, “एक्कावन्नावं पान तुमचं पाठ झालंय असं कळलं. मी बावन्नपासून वाचते.” हशा. मी व्यासपीठावर, शेवटच्या खुर्चीत, हारासकट. हशा माझ्या अंगावरून दोनदा गेला.

सभेनंतर त्या टेबलाशी आल्या. तेच टेबल. तेव्हा वीट नव्हती.

“ते पुस्तक आहे का अजून?”

“कोणते?”

नाव सांगितले. तिसरे कपाट, खालचा खण. काढून आणले. मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. कोरी. इतक्या वर्षांत कोणी नेलेच नाही. मी ते बत्तीस वर्षे अत्यंत स्वच्छ राखले आहे.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. तळवे वर. शाळेत नखे तपासायला मुले ठेवतात तसे. बोटांना भरताचे तेल होते.

“बघा,” म्हणाल्या.

मागे दगाभाऊ. दाराशी अक्का. झाडूसुद्धा थांबलेला. मला बोलायचे होते. वाक्य तयार होते, आठवडाभर घासले होते, अनुप्रासासहित. तोंडातून निघाले ते असे : “पाणी पाचनंतर येते.”

त्यांनी तळवे मिटले. मग म्हणाल्या, “म्हणजे माहीत होतं.”

मी हो म्हणालो का? ओठ हलले होते हे नक्की. तेवढ्यात पारसशेठ फोटोसाठी ओढू लागले.

पुस्तक मी टेबलावर ठेवले. त्यांच्या हातात दिले नाही. का, ते

पाचची बस होती. त्या गेल्या. पुस्तक तिथेच. त्याखाली सभासदत्वाचा अर्ज, भरलेला.

३० डिसेंबर

सौ.ने विचारले, “बोललात का तिच्याशी?”

“बोललो.”

“काय?”

“पाण्याच्या वेळेविषयी.”

ती उद्यापासून चार दिवस माहेरी, बोदवडला. पूर्वनियोजित होते असे म्हणते.

५ जानेवारी

साठपैकी अठ्ठावन्न प्रती परत. दोन दगाभाऊंनी ‘हरवल्या’. दंड आकारण्याची हिंमत नाही.

राजीनामा अजून पारसशेठांच्या गादीखाली. ते त्यावर बसतात. मी मागितला नाही, त्यांनी दिला नाही.

कल्पनाबाईंचा अर्ज खणात. पत्ता धुळ्याचा. नियम चार : सभासद तालुक्यातील रहिवासी असावा. नामंजूर असे लिहायला लेखणी उचलली, ठेवली. मंजूर असे लिहायलाही उचलली. ते पुस्तक टेबलावरच आहे, कपाटात परत ठेवलेले नाही. वर धूळ बसते. पुसत नाही.

अर्जाच्या शेवटी ‘सूचना असल्यास’ या रकान्यात त्यांनी दोनच शब्द लिहिले आहेत : ‘नळ बघावा.’

बघितला. धरणगावहून प्लंबर आणवला. त्याने तोटी काढली, आटे जुन्या पद्धतीचे आहेत, जोड जळगावलाच मिळेल असे सांगितले, भोकात लाकडी खुंटी ठोकली आणि तोटी घेऊन गेला. त्याच संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पाणी आले, खुंटी उडाली, अंगणाचा चिखल झाला. अक्का झाडायला नकार देतात. प्लंबर फोनवर लग्नात असतो. पाणी दहा मिनिटे अलीकडे सोडावे असे मी नगरपालिकेला लिहिले. उत्तर आले : वाचनालय दहा मिनिटे उशिरा बंद करावे. तसा अधिकार ग्रंथपालास नाही. समितीस आहे, आणि समितीची पुढची बैठक मार्चात. तोवर चिखलात विटा टाकाव्यात म्हटले, तर मोकळी वीट एकच आहे, आणि ती टेबलाखाली.