आधी कोण उठलं

न्यू क्लाटोवी, नेब्रास्का
३ डिसेंबर १९७८

प्रिय लुमीर,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तू, मार्जरी आणि मुलं बरी असाल असं धरून चालते. इथे आम्ही आहोत. बर्फ अजून पडलेलं नाही, नुसती कोरडी थंडी आहे, आणि वाऱ्याबरोबर मक्याच्या रानातली धूळ दारापर्यंत येते.

तू दोनच गोष्टी विचारल्या आहेस. माझी मिलाडा गेल्याचं तुला, तिच्या मामाला, माती झाल्यावर का कळवलं. आणि यंदा नाताळला आलास तर चालेल का.

आधी इतर सांगते. आपल्या चेक मंडळाच्या लॉजचा हॉल विकायला काढलाय. कुणी बिछान्यांचं दुकान काढणार म्हणे. बँडात मोजकी माणसं उरलीत. त्यातल्या दोघांना आपली भाषा येत नाही, सुरावट तेवढी येते. मिलाडाच्या मागून तेच वाजवत चालले. आईने तिला आपल्या हाताने भरलेला घागरा नेसवला, डोक्यावर रोझमेरीचं कडं, लग्न न झालेल्या मुलीला नवरी करून पाठवतात तसं. फेब्रुवारीत रोझमेरी कुठून आणायची? आईने खिडकीतली कुंडी पार बोडकी केली.

बघ, इतर सांगायला बसले आणि तिथेच आले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सगळ्यांचं जेवण होईपर्यंत टेबलावरून कुणी उठायचं नाही, जो आधी उठेल तो पुढचा नाताळ बघत नाही, हे आर्विडला मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग मीठ संपलं तर कोण मरतं?" स्वीडिश माणूस. आई म्हणाली, "जावई." तेव्हापासून हा आमच्या घरचा विनोदच होता. मीठ, ब्रेड, सार, सगळं हाताशी ठेवूनच आई बसायची, पण विनोद होता.

मागच्या वर्षी फोन वाजला तेव्हा आम्ही मासा खात होतो. आई म्हणाली, "वाजू दे." तो वाजतच राहिला. मिलाडा म्हणाली, "आजी, मामाच असणार. बिचारा वाट बघत असेल," आणि उठली.

आई टेबल धरून ओरडली, "उठा, सगळे उठा!" सगळे एकदम उठले तर कुणा एकावर येत नाही म्हणून. पण गुडघ्यांनी तिला उठू दिलं नाही. आर्विड हसत हसत तिला धरायला गेला आणि साराचं भांडं कलंडलं. मिलाडा फोनवर सांगत होती, "मामा, तुझ्यामुळे आजी नाचायला लागली!" आई म्हणाली, "त्याला म्हणावं, एक घड्याळ विकत घे. कॅलिफोर्नियात मिळत असतील." तू हसलास. ते मला टेबलापर्यंत ऐकू आलं. मीही हसत होते.

तुझ्याकडे तेव्हा दुपारच असेल, ऊन असेल. इथे पहिली चांदणी दिसली की आपण जेवायला बसतो, हे तू विसरलास. एवढंच झालं.

मिलाडाच्या दंडांवर निळे डाग त्याच्या आधीपासून होते. कोलाच्यांचं, गोड पावांचं, पीठ मळताना मी पाहिले होते. म्हणाली, फाटक लागलं. रक्ताचा कर्करोग किमान मक्याच्या कापणीपासून तिच्या अंगात असणार, असं डॉक्टर म्हणाले. मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "डॉक्टर जेवायला होता का आपल्याकडे?"

आता साध्या दिवशीही आमच्याकडे कुणी आधी उठत नाही. ताटल्या रिकाम्या होतात, रस्सा थिजतो, आम्ही तिघं बसून राहतो. शेवटी आर्विडच, ज्याचा कशावर विश्वास नाही तो आर्विड, म्हणतो, "चला," आणि आम्ही एकदम उठतो. आता वाचवायचं कुणाला, हे कुणी विचारत नाही.

लुमीर, आईला तुझं तोंड बघवणार नाही, म्हणून येऊ नकोस, असं मी लिहिलं होतं. तो कागद चुलीत घातला. ते खरं नाही. वसंतात ती तुला बोल लावायची. पण परवा खसखस कुटताना म्हणाली, "लुमीरला बोलाव. तीन माणसं त्या दिवशी टेबलाशी बसवायची नाहीत, विषम बरं नाही."

मी विचारलं, "त्याच्याशी बोलशील?"

"न बोलायला काय झालं? मूर्ख आहे, पण माझा आहे."

तेव्हा येऊ नकोस, हे आई म्हणत नाही. मी म्हणते.

त्या रिवाजावर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तुझा काही दोष नाही, हे मी कुणाहीपुढे शपथेवर सांगेन. पण तू दारात उभा राहिलास की मी तुझा हात बघेन. कुठल्या बोटाने नंबर फिरवला असेल, ते बघेन. तू मिठी मारशील आणि मी तेच बघत असेन. तिच्या शवपेटीशी तू उभं राहिलेलं मला सोसलं नसतं. म्हणून कळवलं नाही. बाकी काही कारण नव्हतं.

तुला सुट्टी मिळाली नाही, असं आईला लिही. इंग्रजीत नको, आपल्या भाषेत लिही, चुका झाल्या तरी चालतील. तिला वाचून दाखवेन. चौथी ताटली आम्ही रिकामी मांडू. आणि त्या दिवशी फोन करू नकोस, आधीही नको, नंतरही नको.

हे कधीतरी सरेल, असं लिहून तुला धीर द्यावा असं वाटत होतं. हात लिहीत नाही.

तुला दुसरी बहीण नाही आणि मला दुसरा भाऊ नाही, म्हणून अजूनही

तुझीच ताई,
अल्बिना