आत्याचं मागणं

सिडनी, १२ मे २०१८

ती. लुसेआने आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन केला की तुझ्याकडे निम्मं गाव कान लावून बसतं आणि माझ्याकडे बाबा. म्हणून टोंगाला निघालेल्या, आपल्या चर्चमधल्या मावशींच्या हाती हे पत्र देतोय.

गेल्या शनिवारी मी रग्बी लीगच्या मोठ्या मैदानावर उतरलो. आत्या, मी बाहेर पाऊल टाकलं. हजारो माणसं उभी राहून माझं नाव घेत होती. तू ठेवलेलं नाव. तो आवाज कानांत नाही, छातीत शिरतो. एवढं सगळं आपल्यासाठी आहे हे खरंच वाटेना.

क्लबशी करार झाल्यापासून एकोणिसाव्या वर्षी मी घरातला कर्ता होऊन बसलोय. बाबांनी कत्तलखान्याची नोकरी सोडली. चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून नव्या छपराचा खर्च माझ्या नावावर बोलून टाकला. लोक रडले. मीही रडलो, पण भीतीनं.

आता खरं सांगतो. त्या सामन्यात डोकं जोरात आपटलं. तेव्हापासून उजेड सोसत नाही, कधी कधी एकाचे दोन चेंडू दिसतात. डॉक्टरांना सांगितलं तर ते बसवून ठेवतील. बसलो तर पुढचा करार लहान होईल, आणि बाबांनी छप्पर तर मोठं बोललंय. त्यांना कळू देऊ नकोस. आता तीन आठवडे सामना नाही, मग पुन्हा खेळायचंय. शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांग, माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
फेलेती

वावाऊ, टोंगा, १७ मे

चि. मानासे यास,
अनेक आशीर्वाद.

सामना आम्ही पाद्रीबाबांच्या टीव्हीवर पाहिला. तुझा लेक चौघांना अंगावर घेऊन पुढे सरकत होता आणि इकडे गाव चिडीचूप. प्रार्थनेतसुद्धा एवढं गप्प बसत नाहीत. याच पोराला कडेवर घेऊन मी शिंपले वेचलेत, यावर माझाच विश्वास बसेना.

भावाच्या घरातलं काहीही बहिणीनं मागावं आणि भावानं नाही म्हणू नये, हा आपला रिवाज. लग्नात मानाच्या चटईवर मी बसते. पण इतक्या वर्षांत तुझ्याकडून नेलं काय? एक डुक्कर आणि ती वाकडी सायकल. तिचं चाकही मीच सरळ करून घेतलं.

आज मागते. फेलेती मला दे. त्याच्या डोक्याला मार लागलाय आणि तुला सांगायला तो घाबरतोय. मला गुपित ठेवायला सांगितलं होतं, ते मी मोडतेय. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोरगा माझा, आणि माझा पोरगा खेळणार नाही. छप्पर तू बोललास, तूच उभा राहून शब्द परत घे. त्याच्यावर रागावू नकोस. रागवायचंच तर माझ्यावर रागव, जमलं तर.

वहिनीला आशीर्वाद. जेवणाची आबाळ करू नका.

तुझी ताई,
लुसेआने

सिडनी, ३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

बाबांनी पत्र उभ्यानं वाचलं आणि तसेच स्वयंपाकघरात खाली बसले. ज्यांची चाहूल लागली की आम्ही आवाज खाली आणतो, ज्यांच्या डोक्याला आम्हा पोरांनी कधी हात लावायचा नसतो, त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसं. स्वतः गाडी काढून क्लबच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हा मोसम संपला. पुढच्या कराराचं नंतर बघू, असं क्लबनं सांगितलंय.

रविवारी ते चर्चमध्ये उभे राहिले. दिलेला शब्द तिथे आजवर कुणी परत घेतलेला नाही. मला मान वर करवेना. पाद्रीबाबांनी कारण विचारलं. बाबा म्हणाले, मुलगा बहिणीनं मागितलाय.

पुढे कुणीही काही विचारलं नाही. तीनशे माणसं बसली होती, बाबांपेक्षा दांडगे गडी होते, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी गाणं धरलं आणि सगळं चर्च गाऊ लागलं. आत्या, मैदानावरचा तो आवाज यापुढे काहीच नव्हता. आणि तू तर समुद्रापलीकडे आपल्या ओसरीवर बसली होतीस.

एकच विनंती आहे. डॉक्टर हो म्हणाले तरी मला लगेच परत देऊन टाकू नकोस.

तुझा,
फेलेती