चूक ठेवायची

३ जून
बँडने मला गायला घेतलं! ढोल्या ड्रम वाजवतो, मास्तर गिटार. दोघं मावसभाऊ. मास्तरच्या ताई एकट्याच राहतात, घर मोठं आहे. वर माझी खोली, तळघरात पहिला अल्बम. मास्तर म्हणाला, तुझा आवाज फाटका आहे म्हणूनच बोलावलं, गुळगुळीत आवाज लिफ्टमध्ये शोभतात. ढोल्याने विचारलं, चहा तरी धड येतो का. मी म्हटलं, ज्याचा त्याने करायचा. जमणार आमचं.

५ जून
रेकॉर्डर जुन्या बाजारातला, कॅसेटचा. नियम एकच: गाणं एकदाच वाजवायचं, चूक झाली तर ठेवायची. फ्रीज चालू, दार उघडं, सगळी खरखर येऊ द्यायची. दोन गाणी झाली. फ्रीजची घरघर सुरेख आलीये. गाण्याच्या मधेच ताई जिना उतरल्या, त्या पायरीची करकरही.

७ जून
फ्रीज गप्प आहे. आत बर्फ जमतोय, म्हणजे चालू आहे. पायरीही वाजत नाही. ढोल्या म्हणाला, घराला वळण लागलं. करकर टेपमध्ये अडकली असेल तर सुटेल, म्हणून मी ती टेपवरून पुसून पाहिली. पायरी गप्पच. आता ती करकर कुठेच नाही.

१० जून
चौथ्या गाण्यात ढोल्याने मधेच आरोळी ठोकली. ठरलेली नव्हती. झकास होती. गाणं संपल्यावर त्याचे ओठ नुसतेच हलले. सोंग समजून आम्ही हसलो. मग तो रडला, तेही आवाजाविना. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही.

१२ जून
मास्तर हातोडा घेऊन आला. ढोल्या रेकॉर्डरवर पालथा पडला; त्याचा आवाज आता तिथेच आहे. मास्तरने सणसणीत शिवी घातली. रेकॉर्डिंगचा लाल दिवा पेटलेला होता. बटण कुणीच दाबलं नव्हतं. दुसरी शिवी आली नाही.

१३ जून
ठरवून वाजवलेलं, गायलेलं रेकॉर्डर घेत नाही. गाण्याबाहेरचं तेवढं घेतो. नियम आमचाच — चूक ठेवायची. तो ठेवून घेतो.
मी अजून चालीबाहेर गेले नाही. म्हणून वाचले.
ताई म्हणाल्या, बॅग भर पोरी, गळा सलामत तर बँड पन्नास. शेवटचं गाणं राहिलंय. माझं. आरडाओरड्याचं. मी कुठेही जात नाही.

१४ जून
लाल दिवा. पहिलं कडवं झालं. आता गिटारचा लांब तुकडा, तेवढ्यात लिहिते.
सांभाळून गायले — सरळ, भेकड, मेलेलं. ढोल्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. असं गाऊन गळा वाचेल. पण मग गाऊ काय त्या गळ्याने —
पेन्सिल कागदावर चालतेय. खरखर ऐकू येत नाही, तीही त्याने घेतली.
दुसरं कडवं झालं, पुन्हा गिटारचा तुकडा. नाही सांभाळलं. सूर सोडून — पोटातून — ढोल्या उभा राहून वाजवतोय. मास्तरचं तोंड उघडं, मानेच्या शिरा तट्ट, माझ्याबरोबर गात होता, आवाज नाही —
घे मेल्या. हवं तेवढं घे. गाणं संपेपर्यंत आवाज माझा आहे.
तुकडा संपत आला. मास्तर मान हलवतोय. शेवटचं कडवं, सगळ्यात वर, आता —