शिंपले : होय, दोन वेळा

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (पाहा, तीर्थरूप कोणाला आणि तीर्थस्वरूप कोणाला, हे विसरलेलो नाही.) आपला गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला? आम्ही दोघं खुशाल आहोत, आणि हे वाक्य सहा महिन्यांत प्रथमच मनापासून लिहितोय. नोकरी पक्की झाली, मामा! आता आम्ही बाडबिस्तरा घेऊन तुमच्या माडीवर राहायला येत नाही. मामींना हे बेताबेतानं सांगा, एवढा आनंद त्यांना एकदम सोसायचा नाही.

"याचं मराठी पक्कं आहे, चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस सांगतोय," असं म्हणून आपण मला खाडी सुधारणेच्या कचेरीत चिकटवलंत. काम असं, की कारखान्यांच्या घाणीने मेलेली खाडी पुन्हा जिवंत करायची. आधीचा देखरेख्या मी रुजू व्हायच्या आदल्या दिवशीच निघून गेला. मागे ठेवलं एक रजिस्टर, त्यात रोज भरायचे तीन रकाने: भरती, ओहोटी, शिंपले. आता काठावर नवी रोपं, कोपऱ्यात झारी. 'शिंपले' म्हणजे पाणी शिंपले की नाही, असंच ना कोणीही समजेल? मी सकाळ-संध्याकाळ झारीने रोपांना पाणी घालायचो आणि लिहायचो, 'होय, दोन वेळा.' (ती रोपं भरतीला रोज दोनदा गळ्यापर्यंत बुडतात, हे हिने मला दाखवून दिलं होतं. मी म्हटलं, कचेरीचं काम आहे, त्यात डोकं चालवायचं नाही.)

त्यात पहिल्याच आठवड्यात खानावळवाल्यांनी रिकाम्या शिंपल्यांच्या साठेक जाळीदार पिशव्या कचेरीच्या मागे आणून टाकल्या. वास असा की पोस्टमन पत्रं लांबूनच फेकायचा. मी भांडलो, पाटी लावली, वर तक्रारअर्ज धाडले. खानावळवाले म्हणाले, "साहेब, तुमच्याच कचेरीने मागवलेत." मला वाटलं, नवा माणूस बघून फिरकी घेतायत. शेवटी हिने कंबर कसली. भर दुपारी सगळे जेवायला गेल्यावर आम्ही दोघांनी त्या पिशव्या हातगाडीवरून नेऊन खाडीच्या तोंडाशी पाण्यात ढकलल्या. दोन खेपा झाल्या. खाडी स्वच्छ ठेवण्याचा पगार घेणारा मी, आणि खाडीत कचरा टाकतोय! तेव्हापासून मला घास गोड लागला नाही.

गेल्या मंगळवारी तपासणीच्या बाई आल्या, आणि नेमकी ओहोटी. आल्या आल्या एकच शब्द: "शिंपले?"

मी म्हटलं, "होय, दोन वेळा."

"दाखवा."

शिंपलेलं पाणी आता कसं दाखवायचं, या विचारात मी असतानाच त्यांची नजर उघड्या पडलेल्या पिशव्यांवर गेली. (माझ्या डोळ्यांसमोर तुमची माडी.) बाई सरळ चिखलात गुडघे टेकून बसल्या, भिंग काढलं आणि ओरडल्या, "अहो, धरलेत की! किती धरलेत!" जुन्या शिंपल्यांवर नखाएवढे जिवंत शिंपले, शेकड्यांनी. फटीफटीत खेकड्यांची पिल्लं. जुन्यांवर नवे वाढतात आणि तेच पाणी गाळून साफ करतात, योजना हीच होती म्हणे! बाजूला गुडघाभर पाणी होतं, त्यात मला प्रथमच तळ दिसला. मामा, मला रडूच आलं. बाईंना वाटलं, केवढी ही कामावरची माया! त्यांनी तिथल्या तिथे शेरा मारला, 'कायम करावे.' आपला शब्द राहिला.

मामींना नमस्कार सांगा.

आपला भाचा

ता. क. बाई शुक्रवारी रजिस्टर न्यायला येणार आहेत. 'शिंपले : होय, दोन वेळा' याचा अर्थ 'शिंपले दोन खेपांत टाकले' असाही होतो, असं आपल्या सहीचं दोन ओळींचं पत्र उलट टपाली धाडावं. आपल्या शब्दापुढे बाई काही बोलायच्या नाहीत.

ता. क. २. त्याच रकान्यात मी एकूण एकोणीस दिवस 'आज पाऊस झाला, गरज नाही' असंही लिहिलंय. त्याचं व्याकरणात काही बसवता आलं तर बघा. नाहीतर माडी झाडून ठेवा.